अण्णांचं घड्याळ होल्डवर

आमच्या इन्स्पेक्शन खात्यात किस्से साठतात ते आमच्या सवयीमुळे. समोर येईल ते मोजायचं! कुणाच्या घरचे लाडू आले तरी आधी व्हर्नियर लागतो, मग तोंड उघडतं. सातपूरच्या कारखान्यात इतकी वर्षं गेज आणि मायक्रोमीटर हाताळल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? यंदा मात्र एका घड्याळाभोवती इतके किस्से जमले की दिवाळीत माहेरी गेले तरी मला तेच सांगावे लागले.

घड्याळ आमच्या सोनवण्यांचं. म्हणजे त्यांच्या वडिलांचं, अण्णांचं. अण्णा सिन्नरकडच्या एका गावात शाळेचे शिपाई. घंटा त्यांच्या हातात, आणि ती वाजायची या चावीच्या घड्याळावर. अण्णा गेल्या वर्षी गेले आणि घड्याळ सोनवण्यांकडे आलं. काच चरे पडून धुरकट झालेली, डायल पिवळी पडलेली. चावी दिली की थोडं चालायचं आणि गप्प बसायचं. सोनवण्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि मांडवात हेच घड्याळ घालायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"दुरुस्त नाय केलं तर बंद घड्याळ बांधून कन्यादान करू का? आणि केलं, नवंकोरं दिसाया लागलं, तर आई म्हणंल हे कोणाचं आणलंस? मॅडम, मला आईच्या तोंडून 'हे ह्यांचंच हाय' एवढं ऐकायचंय."

मग काय, अख्खं खातं कामाला लागलं.

*

आमच्याकडे टेबलावर आलेल्या वस्तूला टॅग लागतोच. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे बाद, पिवळा म्हणजे होल्ड, निर्णय बाकी. सोनवणे घड्याळ टेबलावर ठेवून हात धुवायला गेले. आमचे खैरनार सटाण्याचे, त्यांचे हात सतत शिवशिवत असतात. त्यांनी पट्ट्याला पिवळा टॅग बांधून टाकला.

सोनवणे आले आणि बघतच राहिले. "खैरनार! माझ्या बापाला होल्डवर ठेवलं?"

खैरनार डब्याचं झाकण उघडत म्हणाले, "मग काय रिजेक्ट करू?"

*

कुठलाही बिघाड झाला की पाच वेळा 'का' विचारायचं, मुळाशी जायचं, ही आमच्या गायधनी साहेबांची शिस्त. साहेब खात्याचे प्रमुख. पंचवटीतलं पुरोहितांचं घराणं, त्यामुळे प्रत्येक गोष्ट विधीनं झाली पाहिजे! त्यांनी फळ्यावर घड्याळ काढलं आणि खडू घेऊन उभे राहिले.

"घड्याळ चालत का नाही?"

"आतलं तेल सुकलंय," मी म्हणाले.

"तेल का सुकलं?"

"कुणी वापरलं नाही," खैरनार म्हणाले.

"वापरलं का नाही?"

"अण्णा गेले ना साहेब," सोनवणे म्हणाले.

साहेबांचा हात सवयीनं पुढच्या 'का'कडे गेला आणि फळ्यावरच थांबला. साहेबांनी सावकाश सगळं पुसलं आणि म्हणाले, "खैरनार, चहा सांगा. भजीपण सांगा."

*

शनिवारी मी आणि सोनवणे मेन रोडला घड्याळवाल्याकडे गेलो. भिंग डोळ्याला लावूनच बोलणारा माणूस. त्यानं मागचं झाकण उघडलं आणि एकदम खुलला. "मशीन एक नंबर आहे! सगळं करून देतो. नवी डायल, नवी काच, नवे काटे, केसला पॉलिश, नवा पट्टा. शोरूममधून आणल्यासारखं दिसेल."

सोनवण्यांचा चेहरा प्रत्येक 'नवी'ला थोडा थोडा उतरत गेला. शेवटी म्हणाले, "अहो, मग आमच्या अण्णांचं काय ऱ्हाईल त्यात?"

"वेळ राहील की!" तो म्हणाला.

सोनवण्यांनी घड्याळ उचललं आणि तडक गाडीवर बसले. मी मागून पळत आले.

*

त्याच आठवड्यात बाहेरून ऑडिटर आला. ऑडिटरचा आम्हाला सासूपेक्षा जास्त धाक. कपाटं, रेकॉर्ड, फाइली, सगळं चकाचक! आणि टेबलाच्या कोपऱ्यात, पिवळ्या टॅगसकट, अण्णांचं घड्याळ.

ऑडिटरनं ते उचललं, उलटंपालटं केलं. "या इन्स्ट्रुमेंटचं कॅलिब्रेशन दिसत नाही. कुणाचं आहे?"

गायधनी साहेबांना घाम फुटला. खैरनार छताकडे बघू लागले. सोनवणे पुढे आले आणि सरळ म्हणाले, "साहेब, ते माझे वडील आहेत."

मला वाटलं, आता गेलंच आमचं सर्टिफिकेट! ऑडिटरनं चष्मा काढला. सोनवण्यांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि हळूच परत जागेवर ठेवलं.

"मग पिवळा टॅग काढा," तो म्हणाला. "वडिलांना कॅलिब्रेशन नसतं. त्यांना 'फक्त संदर्भासाठी' असा टॅग लावतात."

सोनवणे त्या दिवशी डोळे पुसत पुसत हसत होते. संध्याकाळी मला म्हणाले, "ठरलं मॅडम. आतून साफ करायचं, चालतं करायचं. बाहेरून कोणी हात लावायचा नाय."

*

मेन रोडच्या घड्याळवाल्याला हे समजावणं फार कठीण गेलं. काच तीच, डायल तीच, चरेसुद्धा तेच, म्हटल्यावर तो वैतागला. "म्हणजे मी आंघोळ घालायची आणि कपडे मळकेच चढवायचे?"

"हां," सोनवणे म्हणाले. "आमचे अण्णा तसेच घालायचे."

घड्याळ आलं ते टिकटिक करत! खात्यात पेढे वाटले, आणि कुणीही व्हर्नियर लावला नाही. गायधनी साहेबांनी मात्र ते मोबाइलच्या घड्याळाशी सेकंदाला सेकंद जुळवलं, तीन दिवस तपासलं आणि हिरवा टॅग स्वतःच्या हातानं बांधला. आमच्यासारख्या लोकांना याहून मोठा मान माहीत नाही.

*

लग्न सिन्नरजवळच्या एका लॉन्सवर होतं. आम्ही सगळे गेलो. मुहूर्त जवळ आलेला, भटजी तयार, नवरी तयार, आणि वरात अजून गेटवर नाचतेय! नवरदेवाकडची मंडळी अण्णांच्या गावाशेजारच्याच वाडीची, आणि आसपासच्या सगळ्या वाड्यांना मिळून शाळा एकच, अण्णा घंटा द्यायचे ती.

सोनवणे आईपुढे बसले आणि मनगट पुढे केलं. आम्ही तिघं मागे उभे. म्हातारीनं चरे पडलेल्या काचेवरून अंगठा फिरवला. घड्याळ कानाला लावलं. मग काटे बघितले, मान वळवून लॉन्सच्या ऑफिसच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "हे ह्यांचं नाय."

सोनवण्यांचा चेहरा मला बघवेना. गायधनी साहेब पुटपुटले, "अहो, एका सेकंदाचासुद्धा फरक नाही!"

"तेच तर," म्हातारी म्हणाली. "ह्यांचं पुढं असायचं. शाळा जरा आधी सुटली नाय अन् वाडीची येष्टी चुकली तर पोरांनी घरी कसं जायचं?"

तिनं नखानं चावी बाहेर ओढली, काटा चांगला दहाएक मिनिटं पुढे सरकवला, चावी आत दाबली आणि पुन्हा कानाला लावलं. तिचा चेहरा एकदम उजळला.

"आता हाय. हे ह्यांचंच हाय."

सोनवणे लहान पोरासारखे रडायला लागले. म्हातारीनं त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला, मनगट धरून घड्याळ बघितलं आणि गेटकडे हात केला. "रडतो काय? टाइम झाला. वाजव!"

सोनवण्यांनी केटररची परात उचलली, झारा घेतला आणि टोले द्यायला सुरुवात केली. ठण्ण, ठण्ण, ठण्ण!

गेटवरचा नाच थांबला. डीजे वाजतच होता, पण पन्नाशीच्या पुढची सगळी माणसं फेटे सावरत, एकामागोमाग एक, रांगेनं मांडवात यायला लागली. नवरदेव घोड्यावर एकटाच उरला! रांगेच्या पुढे त्याचे वडील, घामानं निथळलेले. म्हातारीसमोर येऊन ते ताठ उभे राहिले आणि धापा टाकत म्हणाले,

"काकू, लेट मार्क नाय ना?"