तिसऱ्या गेटवर

मी एका म्हाताऱ्या माणसाला कालव्यावर थांबायला सांगितलं आणि विसरून गेलो. एवढंच झालं असतं तर चूक म्हणून सांगता आली असती. पण नंतर मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, की मी थांबायला सांगितलंच नव्हतं.

तलासरीत आम्ही चौघं सकाळी फिरायला जायचो. एक निवृत्त हेडमास्तर, एक निवृत्त सिस्टर, पाटकरी काका आणि मी. ते तिघं सत्तरीच्या पुढचे, मी पन्नाशीचा. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मी त्यांच्यात शिरलो. कालव्याच्या भरावावरून तिसऱ्या गेटपर्यंत जायचं आणि परतायचं. काकांनी याच कालव्यावर तीस वर्षं पाटकरी म्हणून काढली होती. कोणत्या शेताला पाणी कधी सोडायचं, गेट किती फिरवायचं, हे त्यांचं काम. अजूनही ते चालता चालता गेटाला अडकलेला पाचोळा काठीने सोडवायचे.

"रिटायर झालात ना काका? मग ड्युटी कसली करता?" सिस्टर म्हणायच्या.

"मी झालो. गेट नाही झालं."

"यांना जाळायलासुद्धा इथेच आणायला लागणार," हेडमास्तर म्हणायचे.

"भरावावर नको हां, मास्तर. भराव खचतो."

मार्चमधल्या एका सकाळी परतीच्या वेळी काकांचा गुडघा धरला. हेडमास्तर आणि सिस्टर बोलत बोलत बरेच पुढे गेले होते. काकांच्या बरोबर मी होतो. तिसऱ्या गेटपासून आम्ही जेमतेम निघालो होतो. मी त्यांना परत गेटाच्या कठड्यावर बसवलं आणि म्हणालो, "काका, इथेच बसा, हलू नका. मी स्कूटर घेऊन येतो."

घरी पोचलो तर ऑफिसमधला सहकारी गाडी घेऊन दारात. डहाणूला साहेबांनी लवकर बोलावलं होतं. मी आंघोळ केली, कपडे बदलले, डबा घेतला. स्कूटर दारातच उभी होती. तिच्या बाजूने जाऊन मी गाडीत बसलो.

साडेअकराला काकांच्या मुलाचा फोन आला. "बाबा अजून आले नाहीत. तुमच्याबरोबर होते ना?"

तेव्हा आठवलं. "मागे राहिले होते," मी म्हणालो. "तिसऱ्या गेटकडे बघा."

ते तिथेच बसलेले सापडले. डोक्यावर काही नाही, ओठ सुकलेले. मध्ये एक मोटरसायकलवाला त्यांना सोडतो म्हणाला होता, त्याला त्यांनी पाठवून दिलं होतं. पाटकऱ्याच्या कामात गेटवर बसवलेला माणूस दुसरा आल्याशिवाय उठत नाही. तो उठला तर पाणी कुणाच्या तरी शेतात घुसतं. मी हलू नका म्हणालो होतो. ते हलले नाहीत.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. काकांना सलाइन लावलं होतं. मुलगा मला बाहेर घेऊन आला.

"बाबा म्हणतात, तुम्हीच थांबायला सांगितलं होतं."

"मी? नाही हो. त्यांना तसं वाटलं असेल. वय झालंय. एकदा तपासून घ्या."

तपासून घ्यावं का, हे मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी आपणहून बोललो.

त्यांनी तपासून घेतलं. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करत जायला लावले. काका दोनदा चुकले. घरी आल्यावर फाटकाला आतून कुलूप लागलं. फिरणं बंद झालं.

आम्ही तिघं फिरत राहिलो. एकदा हेडमास्तर म्हणाले, "तीस वर्षं ज्या कालव्यावर काढली, तिथे माणूस कसा चुकतो?"

"होतं असं," सिस्टर म्हणाल्या. "वॉर्डात किती पाहिलेत मी."

मी पाण्याकडे बघत चाललो होतो. वाईट वाटायला हवं, हे कळत होतं. पण दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपला राहत नाही, तसं झालं होतं. जेवण जात होतं. झोप लागत होती. ऑफिसमध्ये कुणाला काही जाणवलं नाही.

तीन आठवड्यांनी त्यांच्याकडे गेलो. का गेलो, सांगता येणार नाही. काका ओट्यावर वही घेऊन बसले होते. काय खाल्लं, कोण आलं, सगळं लिहून ठेवायचं, असं मुलाने सांगितलं होतं. माझं नाव त्यांनी माझ्यासमोरच लिहिलं. सुनेने चहा आणून दिला.

"भाऊ, एक विचारू? रागावू नका," काका हळू आवाजात म्हणाले. "त्या दिवशी गेटवर तुम्ही मला काही बोलला होतात?"

मी चहाचा घोट घेतला.

"नसालच बोलला," तेच म्हणाले. "पण मला अगदी तुमच्या आवाजात ऐकू आलं होतं. आता मी सुनेला दोनदा विचारतो, जेवलो का म्हणून. जेवलेलं आठवत असतं. तरी विचारतो. काय भरवसा."

मी चहा खाली ठेवला. मुलाला हाक मारली, सुनेलाही बोलावलं. दोघं ओट्यावर आली. बसूनच बोललो.

"बाबांना मीच थांबायला सांगितलं होतं. बसा, हलू नका, स्कूटर घेऊन येतो, असं मी म्हणालो होतो. मग मी विसरलो. तुम्ही विचारलंत तेव्हा तुमच्याशी खोटं बोललो. त्यांच्या डोक्याला काही झालेलं नाही."

मी काकांकडे वळलो.

"काका, तुम्हाला बरोबर ऐकू आलं होतं. मी विसरलो, आणि वेडं तुम्हाला ठरवलं. मला माफ करा."