पिवळ्या रंगाखालची चीर

हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती जाईपर्यंत नाही. आज तुमच्यासमोर का बोलतोय — मलाही नीट कळत नाही.

मी साजगावच्या एका कारखान्यात फिटर होतो. एक्स्प्रेसवे यायच्या कितीतरी आधी. खालापूर-कर्जतकडे कुणाला जुना लोडर घ्यायचा झाला — लोडर म्हणजे पुढे बकेट बसवलेला ट्रॅक्टर — की मला बघायला न्यायचे. मी इंजिनाला हात लावून बघायचो. आधीच गरम असेल तर विकणारा काहीतरी लपवतोय. मग बकेट भरून वर उचलायची, इंजिन बंद करायचं आणि एक बिडी संपेपर्यंत उभं राहायचं. बकेट खाली सरकली, तर आतलं काम गेलंय. मी 'घे' म्हटलं की लोक घ्यायचे. मला त्याची घमेंड होती. होतीच.

बबन माझ्याच गावचा, कडावचा. माझ्या हाताखाली हेल्पर म्हणून लागला, पुढे कारखान्याचाच लोडर चालवू लागला. त्याच्या घरी बापाच्या काळापासून बुद्धवंदना. गावात त्याची वस्ती वेगळी, आमची आळी वेगळी. पण कारखान्यात आम्ही एका डब्यात जेवायचो, आणि मी ते चार लोकांना सांगायचो. का सांगायचो? सांगण्यासारखं काय होतं त्यात?

एक दिवस तो म्हणाला, "दादा, नोकरी सोडतो. खालापूरला लोडर विकायला हाय. मी आन् नामदेव मिळून धंदा करू. तुमी फक्त एकदा बघा."

नामदेव म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. तिघं गेलो. इंजिन गार होतं, एका झटक्यात चालू झालं. भरून उचललेली बकेट जागची हलली नाही. मग मी बकेट उचलणारे दोन लोखंडी हात बघायला वाकलो. सगळं मशीन उन्हानं फिकटलेलं, पण उजव्या हाताच्या वळणावर वीतभर रंग ताजा, हळदीसारखा पिवळा. मी नखानं खरवडलं. खाली वेल्डिंग. आणि वेल्डिंगच्या कडेनं — केसाएवढी चीर.

पलीकडे बबन सीटवर चढून बसला होता. नामदेव खालून हसत होता, "मालक, जरा आमाला पन बसू द्या की!"

मालक. तो शब्द कानात गेला आणि मला सहन झाला नाही. मी वीस वर्षं फिटर, आणि हा मालक? आमच्या आळीतला कुणी त्या सीटवर असता, तर मला असं झालं असतं? नसतं. हे मला तिथं, वाकलेलो असतानाच कळलं होतं.

मी बोट पँटीला पुसलं. "फस्क्लास हाय," म्हणालो. "घे."

काय वाटलं होतं मला? चार दिवसांत मोडेल, खोळंबा होईल, येईल परत कारखान्यात. मरण मनात नव्हतं — पण ही सफाई नव्हे. लोखंडाला चीर गेली की काय होतं, हे त्या भागात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

चार महिने लोडर चालला. मग कर्जतजवळ ट्रकात मुरूम भरताना, बकेट वर असतानाच, लोडरचा तोच उजवा हात तुटला. बबन सीटवर होता, नामदेव खाली सांडलेला मुरूम ओढत होता. जागीच गेला.

मी पोचलो. लोखंडाचं तुटलेलं तोंड बघितलं. नवी तूट चमकते, जुनी गंजते. अर्धं तोंड गंजलेलं होतं. ते वाचता येणारा तिथं मी एकटा.

आठवड्यानं बबन माझ्या ओट्यावर येऊन बसला. मग म्हणाला, "दादा, तुमी बघितलं तवा काय दिसलं होतं का वो?"

"नाय रं."

"मग मीच जादा भरलं आसंल."

इथं तरी मी गप्प बसू शकलो असतो. तुम्हाला सांगायचं होतं ते हे — इतका वेळ मी याच्याच भोवती फिरतोय. मी म्हणालो, "भरलं आसशील."

त्यानं मान हलवली. चहा न घेता गेला.

लोडर भंगारात गेला. बबन पुन्हा कुठल्या मशीनवर बसला नाही, भातशेतीत राबला. रस्त्यात कुठं ट्रक भरताना दिसला की थांबायचा, खालच्या माणसांना ओरडायचा, "बाजूला व्हा रं, बाजूला व्हा!" लोक हसायचे. मला भेटला की दादाच म्हणायचा. तीस वर्षं.

मागच्या वर्षी तो गेला. पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्या शोकसभेला, मी त्याच्या वस्तीत गेलो. त्याच्या मुलानं मला उभं केलं — काका, तुमी बाबांना सुरवातीपासून वळखता, दोन शब्द बोला. मी बोललो. बबन फार जपून काम करणारा माणूस होता, असं म्हणालो.

पुढच्या रांगेत त्याची बायको बसली होती. ती हळूच म्हणाली, "येकदाच चुकले ते."

मला ऐकू आलं. मी खाली बसलो.