आकाशच्या डिस्कवरची चिठ्ठी

कोपरखैरण्याची उज्वला शिर्के काय काम करते, हे तिच्या सोसायटीत कुणाला विचाराल तर ‘कॉम्प्युटरचं’ एवढंच उत्तर मिळेल. काम मात्र जरा विचित्रच. महाप्याच्या एका कंपनीत ती बंद पडलेल्या मशीनच्या डिस्क उघडते. मशीन चालू करायचंच नाही. अख्ख्या डिस्कची एक मोठी फाइल केलेली असते, तिला इमेज म्हणतात. आपण कोड लिहायचा, बाहेरूनच त्या इमेजमध्ये शिरायचं, हवी ती फाइल वाचायची, हवी ती लिहायची आणि निघायचं. आत कुणाला पत्ताही लागत नाही. निदान लागू नये.

त्यांच्या टीमची एक पद्धत आहे. जो इमेज उघडेल त्याने आत एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवायची: अमुक आला होता, अमुक कामाला. तिला सगळे चिठ्ठी म्हणतात. उज्वलाच्या बोटांना ही सवय इतकी लागलेली की तिच्या प्रत्येक कोडच्या शेवटी चिठ्ठीची ओळ असायचीच.

तिचा धाकटा भाऊ आकाश गेल्या वर्षी डेंग्यूने गेला. त्याचा लॅपटॉप मरायला टेकला होता म्हणून तिने घाईघाईने डिस्कची इमेज काढली, आणि बरं झालं, कारण लॅपटॉप पुढे चालूच झाला नाही. आप्पांना पोराचा आवाज ऐकायचा होता. आप्पा म्हणजे तिचे वडील, साताऱ्याकडचे, जन्मभर एपीएमसीच्या बाजारात कांद्याच्या गोणी वाहिलेले. बायको आधीच गेलेली, आता पोरगंही. एका रविवारी दुपारी उज्वलाने कोड चालवला तर आकाशचं एक रेकॉर्डिंग सापडलं. माइक चालतो का बघत होता बहुतेक. ‘हॅलो, हॅलो, ताई, चहा ठेव गं,’ एवढंच. आप्पा हुंदके देऊन रडले. आणि बाईसाहेबांनी सवयीने आत चिठ्ठी ठेवली: उज्वला आली होती.

पुढच्या रविवारी चिठ्ठी जागेवर नव्हती. रेकॉर्डिंग मात्र लांबलं होतं. चहाच्या पुढे आकाश म्हणत होता, ‘ताई, आलीस होय? आप्पा कसे आहेत?’

तिची पाचावर धारण बसली. मध्ये इमेज कुणी उघडली होती का ते तपासलं, कुणी नाही. इमेजची कॉपी काढून पाहिली. कॉपीत आकाश मुका. आप्पांना असल्या चौकशीत रस नव्हता. ‘पोरगं बोलतंय न्हवं? मग बोलू दे की,’ म्हणाले. रविवारी सकाळीच दाढी करून खुर्चीत बसायचे आणि तिला सांगायचे, ‘लिव, आप्पा बरा हाय म्हनावं.’ ती चिठ्ठीत लिहायची. आठवड्याने रेकॉर्डिंगमध्ये उत्तर यायचं. खोटं कशाला सांगा, तिलाही गोड वाटत होतं.

पण आकाशची डिस्क गच्च भरलेली होती. तिथे नवं मावायचं तर जुनं काहीतरी जायलाच हवं, आणि जिचं हेच काम तिच्या हे फार उशिरा लक्षात आलं. आकाशने घरचे जुने फोटो स्कॅन करून ठेवले होते. फाइलींची नावं सगळी होती, उघडल्या तर कोऱ्या. जात होते ते सगळे आईचे फोटो. तिने घाबरून उरलेले पेनड्राइव्हवर घेतले; पुढच्या खेपेपासून तेही एकेक करून कोरे होत गेले. भिंतीवरच्या आईच्या हार घातलेल्या फ्रेममध्ये नुसता पिवळट कागद राहिला होता, आणि तो कधीपासून तसा आहे हे घरात कुणालाच सांगता येईना.

शेवटी एकच फोटो उरला. आई दारात उभी, कडेवर तान्हा आकाश. तिने तो स्क्रीनवर लावला आणि आप्पांना हाक मारली.

‘ही बाई कोन गं?’ आप्पांनी विचारलं.

‘आप्पा, आई आहे. रंगूबाई.’

‘कुनाची आई?’

ते थट्टा करत नव्हते. तिने डोळे मिटून आईचा चेहरा आठवून पाहिला, तर पदर दिसला, हातातल्या बांगड्या दिसल्या. चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. तेवढ्यात आप्पांनी हात लांब करून रेकॉर्डिंग लावलं. जुनं सगळं बोलून झाल्यावर आकाश अगदी लाडाने म्हणाला, ‘ताई, अजून जरा जागा कर गं.’

कोडमध्ये बदलायचा होता एकच शब्द. रीड-ओन्ली. इमेज वाचता येईल, पण आत काही लिहिता येणार नाही: तिलाही नाही, आणि आत जो कोणी असेल त्यालाही नाही. तिने तो शब्द टाकला, चिठ्ठीची ओळ पुसली आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं. भाऊ पुन्हा गेला, तोही आपल्या हाताने, असंच तिला वाटलं.

फोटो राहिला. पुढच्या रविवारी तिने तो आप्पांसमोर धरला, ही तुमची बायको म्हणून सांगितलं. आप्पांनी परक्या बाईला करावा तसा अदबीने नमस्कार केला आणि रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. ते ‘जागा कर गं’पर्यंत आलं आणि थांबलं.

‘फुडं?’

‘पुढे काही नाही, आप्पा.’

म्हाताऱ्याने स्वतःच रेकॉर्डिंग पुन्हा एकदा लावून पाहिलं. मग हळूच म्हणाला, ‘उज्वले, काय केलंस गं तू त्याला?’