भाऊसाहेब आणि कोंडवाड्यातलं करडू

"आत एक गेली. मग बाहेर दोन कशा सोडू?"

कोंडवाड्याच्या दारात किल्ली धरून भाऊसाहेब शेवंताबाईला विचारत होते. भाऊसाहेब म्हणजे आमच्या गावचे ग्रामसेवक. मी काकांच्या मागे उभी होते. शहरात इंग्रजीतून शिकून आलेली मी आरक्षणामुळे सरपंच झाले होते, पण गाव बोलायचं काकांशीच.

शेवंताबाई मेंढरंवाली. तिची शेळी कुणाच्या तरी तुरीत शिरली, म्हणून पंचायतीने कोंडली आणि ती कोंडवाड्यातच व्याली. दंड भरून झाला होता. कळप वडवणीच्या रस्त्याला लागला होता. पण करडाला कधी कोंडलंच नव्हतं, तर त्याला सोडायचं कोणत्या नियमाने?

"सरकारी दवाखान्यात झालेलं लेकरू सरकारचं असतंय का?" शेवंताबाई कडाडली.

"तिथं डिस्चार्ज कार्ड देतेत, बाई. हितं म्या काय देऊ?"

भाऊसाहेब आधी असे नव्हते म्हणे. एकदा रस्त्यात आडवं पडलेलं लिंबाचं झाड त्यांनी लोकांसाठी हलवलं, तर विनापरवाना का हलवलं म्हणून नोटीस आली. तेव्हापासून ते ऑफिसच्या माठातलं पाणीही पीत नसत. माठ अभ्यागतांसाठी मंजूर होता. भर उन्हाळ्यात ते घरच्या बाटलीतलं कोमट पाणी प्यायचे.

गाव हसायचं. मीही मनात हसायचे. पण पहिल्या दिवशी काका माझ्या खुर्चीत बसायला लागले, तेव्हा हेच आडवे आले होते. "खुर्ची सरपंचांची हाय. तुमी अभ्यागत. माठातलं पाणी घ्या." आता भाऊसाहेबांची बदली झालीय. ग्रामपंचायतीत मला 'मॅडम' म्हणून उठून उभं राहणारं दुसरं कुणी नाही.

त्या दिवशी काका वैतागले. "शेळी द्या हिला. करडाचा लिलाव करू."

"दूध कोण पाजंल त्याला? तुमी?" शेवंताबाई म्हणाली. मेंढरांचा आवाज लांब चालला होता.

भाऊसाहेबांनी करडू स्वतःच्या उपरण्यात गुंडाळून छातीशी धरलं होतं. ते काकांना वळसा घालून माझ्यासमोर आले.

"लिलाव काय, सुटका काय, हुकूम तुमचा लागतो, मॅडम. कायद्यात काकाचं कलम न्हाई."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोंडात आधी इंग्रजी वाक्य आलं. ते गिळलं.

"काका, बाजूला व्हा," मी म्हणाले. "भाऊसाहेब, दोन्ही सोडा."