आंबोळीच्या पिठाचा पाव

आमच्या वाडीत कुणाच्या हातात पाव दिसला की विचारणं एकच, "कोण आजारी आसा?" ताप उतरलेल्या माणसाला डॉक्टर दूध-पाव सांगायचा. मग घरचं कुणीतरी तळेऱ्याला जाऊन कागदात गुंडाळलेला पाव घेऊन यायचं. धडधाकट माणसाने पाव खाणं म्हणजे दुखण्याला आवतण. मीही तसंच मानायचे, उगाच शहाणपणा कशाला सांगू.

अशा वाडीत सत्यवतीने पाव भाजायला घेतला. सत्यवती म्हणजे माझी शेजारीण. दोघींच्या घरांमध्ये एक गडगा, आणि जायला-यायला त्याचे दगड आम्हीच काढून ठेवलेले. तिचे यजमान लवूभावोजी मुंबईला बेकरीत होते. सत्तावन्न साली पीठ मळायच्या यंत्रात त्यांचा उजवा हात सापडला. अंगठा तेवढा राहिला, बोटं गेली.

भावोजी घरी आले आणि ओटीच्या कोपऱ्यात बसले. जेवायला हाक मारली की जेवायचे, नाही मारली तर तसेच. कुणी बोलायला गेलं तर तोंड फिरवायचे. सत्यवती विहिरीवर माझ्याजवळ रडली. म्हणाली, "विमले, हात गेलो तेचा माका काय नाय गो. पण माणूस बसलो तो बसलोच. माका तो उभो होयो."

आणि एके दिवशी या बाईने गव्हाचं पीठ आणून चाळलं. पाव फुगवायला खमीर लागतं एवढं तिने ऐकलेलं, ते कसं करतात ते भावोजी सांगेनात. मग घरात आंबलेलं काय आहे ते तिने शोधलं. सकाळच्या आंबोळ्यांचं पीठ उरलं होतं, तांदूळ आणि उडदाचं. ते तिने गव्हाच्या पिठात ओतलं, मीठ घातलं, गुळाचा खडा घातला आणि लागली धोपटायला.

"आंबोळीचा पीठ? पावात?" कोपऱ्यातून आवाज आला. किती दिवसांनी.

"मगे काय घालू?"

"आणि असा बडयतंस कित्याक? तेच्यार काय राग आसा?" असं म्हणत भावोजी उठले. उठून परातीपाशी आले. मुद्दाम केलंस काय गो, असं मी तिला पुढे कैकदा विचारलं. बाई नुसती हसायची.

भट्टी कुठली असायला? मातीच्या खापरात गोळे ठेवले, वर दुसरं खापर पालथं घातलं, खाली आणि वर करवंट्यांचे निखारे. पहिला पाव कोंबड्यांनीसुद्धा टोचून सोडून दिला. दुसऱ्या खेपेला भावोजींनी ओला फडका टाकून पीठ निवांत फुगू दिलं, निखारे वर जास्त आणि खाली कमी ठेवायला लावले. आणि तेव्हा काय वास सुटला म्हणून सांगू.

तो वास दाजींच्या घरापर्यंत गेला. दाजी आमचे गावकर, वाडीतले वडीलधारे. ते शहाळं घेऊन आले, भावोजींच्या पुढ्यात ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "लवू, आता कसा वाटता?" मागून आणखी चारजण, सगळे तोंड पाडून. इतक्या महिन्यांनी माणूस कामाला लागलेला, अंगावरचा घाम अजून वाळला नव्हता, आणि त्याला शहाळं. भावोजींनी हातातला पाव खाली ठेवला आणि परत कोपऱ्यात जाऊन बसले. ते शहाळं दाजींच्याच टाळक्यात घालावं असं मला झालं. पण बिचारे भल्या मनाने आले होते, काय बोलणार.

पुढे वर्षं गेली ती अशीच. सत्यवतीने चिऱ्यांची भट्टी घातली. तिच्या आग्रहाने भावोजी डाव्या हाताने आणि उजव्या कोपराने मळायला शिकले. पण दारात येणारा प्रत्येकजण रडवेला. "आवशीक ताप आसा, पाव दी." भावोजी पाव द्यायचे, मान वर करायचे नाहीत. "मी वाडीचो कंपाउंडर झालंय," म्हणाले एकदा.

मग सहासष्ट साल आलं. रेशनवर तांदूळ मिळेना, मिळायचा तो लाल, जाडा गहू. आम्ही भातखाऊ माणसं. आमच्या चपात्या म्हणजे वहाणेचे तळ. सत्यवती घरोघर जाऊन सांगून आली, पीठ माझ्याकडे आणा, पाव करून देते. कोणी फिरकलं नाही. दाजी म्हणाले, "बऱ्या माणसान पाव खाव नये. अवलक्षण ता."

ती काय गप्प बसणार? लावणीचे दिवस होते. आमच्याकडे एकमेकांच्या लावणीला जायचं, आणि ज्याचं शेत त्याने जेवण द्यायचं. तिच्या शेतात सगळी वाडी उतरलेली. दुपारी हिने टोपलीवरचा फडका काढला तर आत पाव. सोबत काळ्या वाटाण्यांचं सांबारं, आणि भात नाहीच.

सकाळपासून वाकून वाकून कंबर मोडलेली माणसं, आणि पुढ्यात आजाऱ्याचं खाणं. कोणी हात लावेना. भावोजी बांधावर उभे होते, उजवा हात पंच्याखाली. आता हे घरी जातात आणि पुन्हा काही उठत नाहीत, असं मला वाटलं.

धोंडू आमचा नांगऱ्या, त्याची भूक साऱ्या वाडीला ठाऊक. त्याने दाजींकडे बघितलं, सांबाऱ्याकडे बघितलं आणि पाव बुडवून खाल्ला. मग दुसरा उचलला. भरल्या तोंडाने म्हणाला, "लवूकाका, आणखी आसत?"

भावोजी चिखलात उतरले. टोपली काखेत मारून एकेकाला वाढू लागले, त्याच उजव्या हाताने, अंगठ्यात धरून. हात लपवायचा राहूनच गेला. शेवटी दाजींनीही घेतला. म्हणे, सांबाऱ्यासाठी घेतो. टोपली रिकामी होईपर्यंत सांबाऱ्याचंच निमित्त चाललं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या अंगणात पिठाच्या पिशव्या. भावोजी मधे उभे राहून आम्हा बायकांवर ओरडायचे, "तुळसा, पीठ आसा ता, धुणा न्हय." आम्ही मुकाट ऐकायचो. भट्टीत नारळाची सोडणं सारता सारता सत्यवती मला म्हणाली, "उभो आसा मां गो?" मी म्हटलं, आसा बाई, नको तितको उभो आसा.

एकोणसत्तरच्या थंडीत भावोजींना ताप आला आणि तो छातीत उतरला. कणकवलीचा डॉक्टर म्हणाला, दूध-पाव द्या, दुसरं पचणार नाही. सत्यवतीने एकटीने पीठ मळलं, तेच आंबोळीचं पीठ घालून. गरम पाव दुधात कुस्करणार, तोच भावोजींनी हात आडवा केला. दारात धोंडू उभा होता. शेताला पाणी लावून तसाच विचारपूस करायला आलेला, पाय चिखलाचे.

"तेका दी," भावोजी म्हणाले.

"काका, तो तुमच्यासाठी केल्यानी."

"तू उपाशी आसंस मां? खा."

धोंडू उभ्याउभ्या खाऊ लागला. तोंडात घास आणि डोळ्यांतून धारा. भावोजी उशीवरून टक लावून बघत होते, शेवटचा तुकडा जाईपर्यंत. मग सत्यवतीकडे वळून म्हणाले,

"आता माका पेज दी. मी आजारी आसंय."