नमद्याखालची घोडी

आमच्या गावात एसेनआगाच्या जिभेवर लोकांचा माझ्या डॉक्टरकीपेक्षा जास्त भरवसा. शर्यतीच्या महिनाभर आधी घोडं त्याच्या ताब्यात द्यायचं. मग तो भर उन्हात त्याच्यावर लोकरीच्या जाड घोंगड्यांसारखे सहा-सात नमदे लादणार, पळवणार आणि मानेवरचा घाम बोटानं निपटून चाटणार. खारट लागला तर चरबी शिल्लक. अळणी लागला की घोडं तयार. चाळीस वर्षं ही जीभ चुकली नाही. मला घोड्यावर बसायलाही त्यानंच शिकवलं, हेही सांगायलाच हवं.

त्या उन्हाळ्यात बैमिरातची यिलदाम नावाची घोडी आगाकडे होती. एका दुपारी आगाची बायको, अकजमाल वहिनी, माझ्या जनावरांच्या दवाखान्यात आली आणि दारातच बसली.

"पोरी, ह्यांची जीभ गेलीय गं. काल शोरब्यात दोनदा मीठ पडलं. मला घोट गिळवेना, आणि हे वाडगा पुसून उठले!"

मी धावतच पटांगणात गेले. घोडी धापा टाकत होती. भोवती निम्मं गाव.

"आगा, काढा ते नमदे. पाणी ओता तिच्यावर."

त्यानं बोट चाटलं. जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. "खारट आहे अजून."

"मला चाखू द्या."

"घ्या! आता बायका घाम चाखणार," बैमिरात म्हणाला. सगळे फिदीफिदी हसले. आगाही हसला. त्याला चव कळतच नव्हती. पण कच्ची घोडी सोडून नाव घालवण्यापेक्षा तिला आणखी तासभर तापवणं त्याला सोयीचं वाटलं.

संध्याकाळी घोडी गवत खात होती. बैमिरातनं मला भर रस्त्यात हिणवलं. तिसऱ्या दिवशी ती रक्त हगू लागली, तेव्हा मात्र माझी आठवण झाली. मी सलाईन लावलं, सुया टोचल्या. दुपारी ती गेली.

आगासमोरच मी तिचं पोट फाडलं. आतड्याचं आतलं अस्तर दुधावरच्या सायीसारखं बोटाबरोबर निघून येत होतं.

"अंग असं तापलं की रक्त सगळं कातडीकडे धावतं, आगा. आतडी उपाशी पडतात, अस्तर झडतं आणि पोटातलं विष रक्तात उतरतं. हे नमद्याखालीच झालंय."

तो वाकून बघत राहिला. "चव कळत नाही गं मला," तो हळूच म्हणाला. "वसंतापासून."

मला त्याची दया आली. त्या दयेचाच आज मला सगळ्यात जास्त संताप येतो. बैमिरातला त्यानं आपल्या तोंडानं सांगावं म्हणून मी स्वतः काही सांगायला गेले नाही.

बैमिरात भावांना घेऊन आला. "आगा, तुम्ही म्हणाल ते खरं. कशानं मेली?"

एसेनआगानं हात धुतले, सावकाश पुसले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सुई टोचेपर्यंत तर उभी होती."