अग्नी, आमचे साडू आणि मी

माझी एक फजिती आहे, ती मी वीस वर्षं सासुरवाडीच्या गावात कुणाला सांगितलेली नाही. तुम्ही काही देवळ्याचे नाही, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही.

पोखरणच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. अग्नी-दोनची चाचणी झाली, पेपरात पहिल्या पानावर फोटो आला आणि माझं सुख संपलं. मिसाइल उडालं ओरिसाच्या समुद्रावर, पण पडलं ते माझ्या डोक्यावर.

कारण माझे साडू, भास्करराव. सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. सिन्नरच्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला. त्यांच्याकडे कुठलासा पार्ट बनायचा, त्याच्या ड्रॉइंगवर नाव नसायचं, फक्त नंबर. आमचे सासरे, अण्णा, कांद्याचे शेतकरी. त्यांनी एकदा विचारलं, "हे अग्नीचं काम का हो?" भास्करराव म्हणाले, "सांगता येत नाही, अण्णा."

झालं. त्या दिवसापासून देवळ्याच्या घरात हातांची खुर्ची त्यांची. आमरसाची पहिली वाटी त्यांची. अण्णा त्यांना मार्केट यार्डात घेऊन जायचे आणि व्यापाऱ्यांना दाखवायचे. मी काय करायचो? मी अंबडला कुकरच्या मुठी बनवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. माझ्या मुठी घरोघरी होत्या, पण त्यासाठी मला यार्डात कोण दाखवणार?

मी जळत होतो, खोटं कशाला बोलू? त्यांच्या पोळीवर सासूबाई तूप किती वाढतात, तेही मी बघायचो.

मग मी अभ्यासाला लागलो. पेपरातली कात्रणं वहीत चिकटवली. वाचनालयात बसून मासिकं चाळली. पहिल्या अग्नीचा वरचा टप्पा द्रवरूप इंधनाचा होता, आता दोन्ही टप्पे घन इंधनाचे, असं सगळं पाठ केलं आणि उन्हाळ्यात देवळ्याला पंगतीतच साडूंना गाठलं.

"भास्करराव, ते परत वातावरणात शिरताना टोकाला एवढी उष्णता होते. मग आतलं सामान जळत कसं नाही?"

भास्कररावांनी घास गिळला. "सांगता येत नाही."

"मी सांगतो ना," म्हणून मी पंधरा मिनिटं सांगितलं. टोकाचं आवरण, कार्बन, सगळं. श्रोते गप्प होते. मला वाटलं, जिंकलो.

अण्णा ताक पीत म्हणाले, "विलासराव, तुम्हाला पेपरातलं लय ठाऊक हाय. ज्याचा खरा संबंध असतो, तो असं बोलत नाय."

आता बोला. मी एवढं शिकलो आणि त्याचा पुरावा काय निघाला, तर माझा काही संबंध नाही.

म्हणून दसऱ्याला गेलो तेव्हा मी तोंड मिटूनच गेलो. अण्णांनी सहज विचारलं, "काय चाललंय कंपनीत?" मी खिडकीबाहेर बघितलं, थोडा वेळ घेतला आणि म्हणालो, "सांगता येत नाही, अण्णा."

अण्णांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. दुसऱ्या दिवशी हातांची खुर्ची माझ्यासाठी रिकामी होती. संध्याकाळी भास्करराव गच्चीवर हळूच म्हणाले, "काय हो, तुमच्याकडेपण?" मी म्हणालो, "तुम्हाला तरी कसं सांगू?" त्यांनी मला पहिल्यांदाच आपणहून तंबाखू दिली.

सुनंदा मात्र परतताना एसटीत एवढंच म्हणाली, "मूठ निसटली की कुकर अंगावर येतो. तुम्हाला मी काय सांगायचं?"

तो आला. धाकट्या मेव्हणीला, वैशालीला, नाशिकचं स्थळ सांगून आलं. बघण्याचा कार्यक्रम नाशिक रोडला आमच्याच घरी ठरला. मुलगा संरक्षण खात्यात, एवढंच आम्हाला माहीत. मुलगा आला, आई आली, पोहे आले. अण्णांनी आमची ओळख करून दिली.

"हे थोरले जावई, हे मधले. दोघंबी अग्नीचं काम करतात. पण विचारू नका, त्यांना सांगता येत नाय."

मुलगा हसला. "मला सांगायला हरकत नाही. बाहेरून आलेले पार्ट तपासायचंच माझं काम आहे."

माझा पोह्यांचा घास तिथेच थांबला.

भास्कररावांनी वर्कशॉपचं नाव सांगितलं. मुलगा मान हलवत म्हणाला, "हो, हो. तुमचं काम चांगलं असतं." भास्कररावांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्या बिचाऱ्यालाही आजवर खात्री नव्हती.

"आणि तुमची कंपनी?"

"अंबडला," मी म्हणालो.

"अंबडला कोण?"

"सांगता येत नाही."

मुलाने बशी खाली ठेवली. आवाज बदलला. "आमच्या यादीत अंबडचं कुणी नाही. आणि हे बघा, अशा कामाचं नाव खोटंच घेणं बरं नाही. चौकशी लागू शकते."

मुलाची आई पदर सावरून उठायच्या बेतात. आत दाराआड वैशाली उभी. अण्णांचा चेहरा पांढरा पडलेला. सुनंदाच चहाचा ट्रे घेऊन पुढे आली आणि ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, "हे कुकरच्या मुठी बनवतात. मिसाइलला मूठ नसते, एवढं मलाही कळतं. साडूंवर जळून बोलले ते."

मुलगा असा हसला की त्याला ठसका लागला. लग्न ठरलं. त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही.

पाहुणे गेल्यावर अण्णा गॅलरीत येऊन बसले. मी मान खाली घालून उभा. ते म्हणाले, "ते पंगतीत सांगितलं होतं, ते तरी खरं होतं का?"

"ते सगळं खरं होतं, अण्णा."

"मग नीट सांगा. त्या दोघांना तर सांगता येत नाय."

मी पेल्यावर पेला ठेवून तासभर सांगितलं. अण्णा पोरासारखे प्रश्न विचारत होते. इतक्या वर्षांत माझं असं कुणी ऐकलं नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी अण्णांना बोलवायला यार्डात गेलो. दहा-बारा माणसं घोळका करून उभी. मधे अण्णा, एका कांद्यावर दुसरा कांदा धरून. "हा खालचा जळाला की गळून पडतो, मग वरचा पेटतो." माझाच शब्द न् शब्द. माझी छाती फुगली.

एकाने विचारलं, "अण्णा, तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"आमच्या थोरल्या जावयांनी."

"पण ते तर काय सांगत नाय म्हणता?"

"बाहेर नाय सांगत. सासऱ्याला सांगतात."

वाटेत मला राहवेना. "अण्णा, ते सगळं मी सांगितलं होतं."

"ठाऊक हाय," अण्णा म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पण मुठीवाल्याचं नाव घेतलं असतं, तर वरचा कांदा पेटायच्या आधीच सगळे चहाला गेले असते."